समुद्रफेन

समुद्रफेन हा मराठीत वापरला जाणारा पुल्लिंगी तत्सम शब्द आहे. त्याचे दोन प्रमुख अर्थ आहेत. पहिल्या, शब्दशः अर्थाने समुद्राच्या पाण्यावर, विशेषतः फुटणाऱ्या लाटांवर आणि किनाऱ्यावर जमणारा फेस म्हणजे समुद्रफेन. दुसऱ्या, रूढ अर्थाने माकुल या सागरी मृदुकाय प्राण्याच्या शरीरातील पांढरे, हलके, सच्छिद्र कवच म्हणजे समुद्रफेन. आयुर्वेदात आणि काष्ठौषधींच्या व्यापारात हाच अर्थ अभिप्रेत असतो. बोलीत याच वस्तूस *समुद्रफेस* किंवा *समुद्रफेण* असेही म्हणतात. लाटांवरील फेसासाठी आजच्या मराठीत बहुधा नुसता *फेस* हा शब्द वापरला जातो. त्यामुळे समुद्रफेन हा शब्द कोणत्या प्रकारच्या मजकुरात आला आहे, हे पाहूनच त्याचा अर्थ ठरवावा लागतो.

व्युत्पत्ती

समुद्रफेन हा *समुद्र* आणि *फेन* या दोन संस्कृत शब्दांचा षष्ठी तत्पुरुष समास आहे. विग्रह – समुद्राचा फेन. *फेन* म्हणजे फेस. संस्कृत व्याकरणातील उणादिसूत्रांच्या परंपरेत हा शब्द वाढणे, फुगणे या अर्थाच्या *स्फाय्* धातूशी जोडला जातो. फेन हा शब्द ऋग्वेदाइतका जुना आहे आणि त्याचे सगोत्र शब्द इतर इंडो-युरोपीय भाषांत आढळतात. लॅटिनमधील *स्पूमा*, इंग्रजीतील *फोम* आणि रशियनमधील *पेना* हे सर्व फेस या अर्थाचे शब्द एकाच मूळ रूपापासून निघाले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

संस्कृतात समुद्रफेनास *अब्धिफेन*, *अब्धिकफ*, *सिंधुकफ*, *डिंडीर* व *हिंडीर* असे पर्यायी शब्द आहेत. यांपैकी *अब्धिकफ* म्हणजे समुद्राचा कफ. *कफ* हा शब्द आज शरीरातील श्लेष्मा या अर्थाने परिचित असला, तरी अवेस्ता या प्राचीन इराणी भाषेत त्याच्याशी सगोत्र असलेला शब्द फेस या अर्थाने येतो. फारसी भाषेतही *कफ* म्हणजे फेसच.

मराठीतील रूपे आणि वापर

दैनंदिन मराठीत *फेस* हे रूप प्रचलित आहे. साबणाचा, दुधाचा, उसाच्या रसाचा व लाटेचा तो फेसच. *फेन* हे रूप लिखित, संस्कृतप्रचुर भाषेत आणि समासांत टिकून आहे, उदा. फेनधवल, फेनपुंज, फेनराशी. या शब्दकुलातील काही शब्द पुढीलप्रमाणे आहेत :

* फेसाळणे – फेस धरणे. फेसाने भरून जाणे. समुद्र, धबधबा आणि नदी यांच्या वर्णनात हे क्रियापद येते.
* फेसाळ, फेसाळलेला – फेसाने युक्त.
* फेसणे – घोटून किंवा वाटून फेस आणणे. पाककृतींतील *मोहरी फेसणे* हा प्रयोग यातलाच. त्यात मोहरी थोड्या पाण्याबरोबर घोटून तिचा झणझणीतपणा बाहेर काढतात.
* तोंडाला फेस येणे – अतिश्रमाने अगदी थकून जाणे (वाक्प्रचार).
* फेनिल – फेस असलेला, फेसाळ. अमरकोशात रिठ्याच्या झाडासही हे नाव दिले आहे. रिठ्याच्या फळात सॅपोनिन ही फेस करणारी द्रव्ये असतात.
* फेनक – कामसूत्रात नागरकाच्या दिनचर्येत सांगितलेले, अंग स्वच्छ करण्याचे फेसाळ द्रव्य.

गोव्यातील *फेणी* या मद्याचे नावही फेस या अर्थाच्या शब्दावरून आले असल्याचे सांगितले जाते. बाटली हलवल्यावर किंवा पेय ओतताना दिसणारे बुडबुडे हे त्याचे कारण मानतात. गोव्यातील काजू फेणीस २००९ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले.

*अहिफेन* (अफू) या शब्दात फेन दिसत असला, तरी त्याचा फेसाशी मुळात संबंध नाही. ग्रीक *ओपिऑन* वरून अरबी *अफयून* आणि त्यावरून सापाचा फेस असा अर्थ लागेल असे *अहिफेन* हे संस्कृत रूप घडवले गेले. परक्या शब्दाला ओळखीच्या शब्दांचा वेश देण्याच्या प्रवृत्तीचे हे उदाहरण म्हणून दिले जाते.

एका शब्दाचे दोन अर्थ

माकुल मेल्यावर त्याचे मांस कुजते किंवा इतर प्राणी ते खातात. आतील कवच मात्र हलके असल्याने पाण्यावर तरंगते आणि लाटांबरोबर वाहत किनाऱ्याला लागते. पांढरे, लांबट, नखाने सहज खरवडले जाणारे हे तुकडे भरतीच्या रेषेवर, बऱ्याचदा प्रत्यक्ष फेसाच्या शेजारीच पडलेले आढळतात. समुद्राचा फेस वाळून, घट्ट होऊन ही वस्तू तयार झाली असावी, या समजुतीतून तिला फेसाचेच नाव मिळाले.

हे अर्थांतर फार जुने आहे. अमरकोशात डिंडीर, अब्धिकफ आणि फेन हे शब्द जलाशयांच्या व पाण्याच्या वर्णनाला वाहिलेल्या वारिवर्गात नव्हे, तर वैश्यवर्गात, शेंदूर, शिसे आणि कथील या पदार्थांच्या सोबत येतात. याचा अर्थ, कोशकाराच्या काळी समुद्राचा फेस ही केवळ दृश्य गोष्ट राहिली नव्हती. ती बाजारात विकली जाणारी वस्तू झाली होती.

अन्य भाषांतही हीच कल्पना आढळते. हिंदीत *समुद्रफेन* किंवा *समुंदर झाग*, गुजरातीत *समुद्रफीण*, तमिळमध्ये *कडल नुरै* आणि तेलुगूत *समुद्रपु नुरुगु* या सर्व नावांचा शब्दशः अर्थ समुद्राचा फेस असाच होतो आणि ती सर्व माकुलाच्या कवचाला लावली जातात. युनानी वैद्यकात त्यास *कफ-ए-दर्या* हे फारसी आणि *जबद-अल-बहर* हे अरबी नाव आहे. त्यांचाही अर्थ तोच.

युरोपात हेच नाव एका वेगळ्या पदार्थास मिळाले. तंबाखूचे चिलीमवजा पाइप कोरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, तुर्कस्तानात एस्किशेहिर परिसरात सापडणाऱ्या पांढऱ्या, हलक्या खनिजास जर्मन भाषेत *मेअरशाउम*, म्हणजे समुद्रफेस, म्हणतात. १८४७ मध्ये ग्लोकर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने या खनिजास *सेपिओलाइट* हे शास्त्रीय नाव दिले. ते माकुलाच्या कवचाच्या ग्रीक नावावरून घेतलेले आहे, कारण दोन्ही पदार्थ दिसायला सारखे आणि तितकेच हलके आहेत. अशा रीतीने भारतात माकुलाच्या कवचाला समुद्राच्या फेसाचे नाव मिळाले आणि युरोपात समुद्रफेस म्हणवल्या जाणाऱ्या खनिजाला माकुलाच्या कवचाचे.

समुद्रावरील फेसाची निर्मिती

शुद्ध पाणी घुसळले तरी त्यावरील बुडबुडे क्षणात फुटतात. फेस टिकण्यासाठी पाण्यात पृष्ठसक्रिय द्रव्ये, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर पसरून बुडबुड्याची भिंत स्थिर ठेवणारी द्रव्ये, असावी लागतात. समुद्राच्या पाण्यात ती निसर्गतःच असतात. शैवाल व इतर सूक्ष्म वनस्पतींच्या विघटनातून प्रथिने, मेद आणि बहुशर्करा पाण्यात मिसळतात. नद्या आणि खाड्या जमिनीवरील कुजलेल्या पालापाचोळ्यातील द्रव्ये आणून सोडतात. लाट फुटते तेव्हा हवा पाण्यात कोंडली जाते आणि असंख्य बुडबुडे तयार होतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत चटकन मिसळून मोठे होत नाहीत. ते बारीक राहतात. त्यामुळे गोड्या पाण्याच्या लाटेपेक्षा समुद्राच्या लाटेवरील फेस अधिक दाट दिसतो.

पाणी आणि हवा या दोन्ही गोष्टी रंगहीन असूनही फेस पांढरा दिसतो. बुडबुड्यांच्या असंख्य पातळ भिंतींवरून सर्व रंगांचा प्रकाश पुन्हा पुन्हा परावर्तित होऊन विखुरतो, हे त्याचे कारण. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर नद्यांचा गाळ समुद्रात उतरतो आणि उधाणाच्या लाटा तळही ढवळतात. त्यामुळे त्या दिवसांतला फेस पिवळट किंवा तपकिरी दिसतो. केवळ हा रंग प्रदूषणाचे लक्षण नव्हे.

वाऱ्याचा वेग मोजण्याच्या ब्यूफोर्ट मापनश्रेणीत समुद्रावरील फेस ही एक प्रमुख खूण आहे. तिसऱ्या अंकाला लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरे तुरे दिसू लागतात, आठव्या अंकाला वाऱ्याच्या दिशेने फेसाचे स्पष्ट पट्टे पडतात आणि बाराव्या, म्हणजे चक्रीवादळी वाऱ्याच्या अंकाला हवा फेसाने व तुषारांनी भरून समुद्र पूर्ण पांढरा दिसतो. उपकरण हाताशी नसतानाही नाविकाला फेसावरून वाऱ्याचा अंदाज करता येतो.

फेसाचे बुडबुडे फुटताना अतिसूक्ष्म तुषार हवेत उडतात. त्यांतील पाणी सुकल्यावर मिठाचे कण हवेत राहतात. किनाऱ्यालगतच्या हवेतील खारेपणा आणि तेथील लोखंड लवकर गंजणे यांमागे हे एक कारण आहे. हेच कण ढगांतील थेंब तयार होण्यासही आधार देतात.

माकुल आणि त्याचे कवच

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर *माकुल* हे नाव दहा बाहू असलेल्या शीर्षपाद प्राण्यांच्या गटास सैलपणे दिले जाते. त्यांपैकी *सेपिया* आणि *सेपिएला* या प्रजातींतील प्राण्यांच्या पाठीत त्वचेखाली समुद्रफेन असतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर *सेपिया फाराओनिस* व *सेपिएला इनर्मिस* या जाती आढळतात. नळीसारख्या लांब शरीराच्या माकुलात असे चुनखडी कवच नसते; त्याच्या जागी पातळ, पारदर्शक पाते असते.

समुद्रफेन मुख्यतः अ‍ॅरागोनाइट या रूपातील कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असतो. त्यात थोड्या प्रमाणात कायटिन हे सेंद्रिय द्रव्य असते. एकावर एक रचलेल्या पातळ थरांमध्ये सूक्ष्म खांब उभे असतात आणि त्यांच्यामध्ये पोकळ कप्पे राहतात. कवचाच्या आकारमानाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग पोकळ असतो. या कप्प्यांतील द्रव आणि वायू यांचे प्रमाण बदलून प्राणी पाण्यात स्वतःला तोलून धरतो. फार खोलीवर पाण्याच्या दाबाने कवच आत दबून फुटू शकते. ही मर्यादा जातीनुसार साधारणपणे २०० ते ६०० मीटर आहे. म्हणून हे प्राणी किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात राहतात.

बहुतेक जातींचे आयुष्य एक ते दोन वर्षांचे असते आणि अंडी घातल्यानंतर प्राणी मरतात. त्यामुळे किनाऱ्यावर येणारे समुद्रफेन हे मासेमारीतून फेकलेल्या अवशेषांबरोबरच नैसर्गिक मृत्यूचेही असू शकतात.

उपयोग

पिंजऱ्यात पाळलेल्या पक्ष्यांना चोच घासण्यासाठी आणि कॅल्शियम मिळण्यासाठी समुद्रफेनाचा तुकडा देतात. सोनारकामात तो मधोमध चिरून, त्यात नमुना दाबून लहान दागिन्यांचा साचा करण्याची पद्धत अनेक देशांत आहे. पदार्थ मऊ असल्याने नमुना सहज उमटतो आणि तो वितळलेल्या धातूची उष्णता सोसतो. बारीक पूड करून दंतमंजनात व धातू घासून चकचकीत करण्यासाठीही तो वापरला जात असे.

आयुर्वेदातील स्थान

सुश्रुतसंहितेत समुद्रफेनाचा उल्लेख प्रामुख्याने लेखनकर्माच्या, म्हणजे खरवडण्याच्या उपचारांच्या संदर्भात येतो. त्याचा खरखरीतपणा हे त्याचे कारण. नेत्ररोगांवरील अंजनांतही तो सांगितला आहे. भावप्रकाशात तो डोळ्यांस हितकर, लेखन, शीतल आणि कषाय (तुरट) रसाचा म्हटला असून कानदुखी व कफ यांवर उपयुक्त मानला आहे. औषधात वापरण्यापूर्वी लिंबाच्या रसात त्याचे शोधन करतात. त्या वेळी रसातील आम्लाची कॅल्शियम कार्बोनेटशी अभिक्रिया होऊन कर्बवायूचे बुडबुडे निघतात आणि नावाने फेस असलेला हा पदार्थ खरोखरच फेसाळतो.

कान वाहत असल्यास समुद्रफेनाची पूड कानात घालण्याचा घरगुती उपाय पूर्वी सर्रास केला जात असे. कानाच्या पडद्यास छिद्र असल्यास कोणतीही पूड आत जाऊन साचू शकते. डोळ्यांत खरखरीत कण गेल्यास बुबुळास इजा होऊ शकते. म्हणून प्राचीन ग्रंथांतील असे प्रयोग वैद्यकीय तपासणीशिवाय करणे धोक्याचे ठरते. जुन्या मराठी वैद्यकीय पुस्तकांत समुद्रफेन हा शब्द आल्यास तो या कवचासाठीच आहे, समुद्रावरून गोळा केलेल्या फेसासाठी नव्हे, हेही लक्षात घ्यावे लागते.

पुराणकथा आणि तत्त्वज्ञान

वैदिक परंपरेत इंद्राने नमुची या असुराचा शिरच्छेद पाण्याच्या फेसाने केला, असा उल्लेख ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात आहे. शतपथ ब्राह्मणात ही कथा विस्ताराने येते. नमुचीला दिवसा किंवा रात्री, कोरड्या किंवा ओल्या वस्तूने मारणार नाही, असे वचन इंद्राने दिले होते. फेस ना कोरडा ना ओला. म्हणून फेसाचेच शस्त्र करून, रात्र सरली पण सूर्य उगवला नाही अशा वेळी त्याचा वध झाला. महाभारताच्या उद्योगपर्वात वृत्रवधाची कथा याच धर्तीवर आहे. तेथे इंद्राला समुद्रावर पर्वतासारखा फेस दिसतो आणि तो वज्रासह वृत्रावर टाकला जातो. फेस म्हणजे द्रव आणि वायू यांची मिश्र अवस्था, ही आधुनिक विज्ञानाची व्याख्या या कथेतील निरीक्षणाशी जुळते.

ग्रीक पुराणात अ‍ॅफ्रोडाइटी ही सौंदर्यदेवता समुद्राच्या फेसातून जन्मली, असे हेसिअडच्या *थिओगनी* या काव्यात सांगितले आहे. ग्रीक भाषेत *अ‍ॅफ्रॉस* म्हणजे फेस.

बौद्ध वाङ्मयात फेस हे अनित्यतेचे व निःसारतेचे प्रतीक आहे. संयुत्त निकायातील एका सुत्तात गंगेत वाहणाऱ्या फेसाच्या पुंजक्याची उपमा रूपाला आणि पाण्यावरील बुडबुड्याची उपमा वेदनेला दिली आहे. धम्मपदातही शरीर फेसासारखे असल्याचे सांगितले आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात हाच दृष्टान्त वेगळ्या हेतूने वापरला : फेस, लाटा व बुडबुडे परस्परांहून भिन्न भासले, तरी समुद्राच्या पाण्याहून ते वेगळे नाहीत. एकाच दृश्यातून एका परंपरेने क्षणभंगुरता दाखवली, तर दुसरीने त्यामागची एकरूपता.

नवी मुंबई आणि ठाणे खाडी

नवी मुंबई हे शहर ठाणे खाडीच्या पूर्व काठावर वसले आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली. त्याआधीपासून या काठावर आगरी व कोळी समाजाची गावे आहेत. दिवाळे, सारसोळे, करावे, वाशीगाव, घणसोली ही त्यांपैकी काही. या गावांचे जगणे भरती-ओहोटीच्या वेळांशी, मासेमारीशी, शेतीशी आणि मिठागरांशी बांधलेले होते.

खाडी जमिनीने वेढलेली असल्याने तेथे खुल्या समुद्रासारख्या मोठ्या लाटा फुटत नाहीत. त्यामुळे जुहूच्या किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर दिसतो तसा लाटांचा सलग पांढरा पट्टा खाडीत सहसा दिसत नाही. येथे फेस धरतो तो प्रामुख्याने तीन ठिकाणी : भरतीचे व ओहोटीचे प्रवाह एकत्र येतात त्या रेषेवर, पुलांच्या खांबांपाशी आणि नाल्यांचे पाणी खाडीत पडते तेथे. शहराचा बराच भाग सखल जमिनीवर असल्याने पावसाचे पाणी साठवून ओहोटीच्या वेळी खाडीत सोडणारे धारण तलाव बांधलेले आहेत. त्यांच्या दारांतून पाणी वेगाने बाहेर पडताना हवा मिसळते आणि पाण्यात फेस करणारी द्रव्ये असल्यास तेथेही फेस जमतो.

कांदळवनातील कुजणारी पाने आणि चिखलातील सूक्ष्म शैवाल यांमुळे खाडीच्या पाण्यात नैसर्गिक सेंद्रिय द्रव्ये भरपूर असतात. त्यामुळे थोडा फेस हा खाडीच्या निरोगी व्यवहाराचा भागही असू शकतो. दुसरीकडे, ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्टा आणि दोन्ही काठांवरची दाट वस्ती यांचे सांडपाणी याच खाडीच्या वाट्याला येते. खाडीचा मुखाकडून आत जाणारा भाग अरुंद होत जातो आणि तेथील पाणी समुद्राच्या पाण्याशी सावकाश बदलले जाते. म्हणून फेस दिसला की तो कशामुळे आला, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

खाडीचा एक भाग २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून अधिसूचित झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रोहित पक्षी चिखलातील शैवाल व सूक्ष्मजीव गाळून खातात. त्यांचे अन्न थेट पाण्याच्या गुणवत्तेवर अवलंबून असते. जाळी टाकणाऱ्या कोळ्यांसाठी हाच प्रश्न रोजच्या उत्पन्नाचा आहे.

प्रदूषणामुळे होणारा फेस

घरगुती व औद्योगिक धुलाईद्रव्ये प्रक्रियेविना पाण्यात मिसळल्यास फेस होतो. १९५० च्या दशकात वापरात असलेली शाखायुक्त अल्किल बेंझीन सल्फोनेट ही द्रव्ये जिवाणूंना सहज विघटित करता येत नसत. त्यामुळे युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे थर साचू लागले. जर्मनीने १९६१ मध्ये यासंबंधी कायदा केला आणि १९६० च्या दशकात त्यांच्या जागी विघटनशील सरळ साखळीची द्रव्ये आली. मात्र ही द्रव्येही प्राणवायू असलेल्या पाण्यात आणि पुरेसा वेळ मिळाला तरच विघटित होतात. प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यातून ती जशीच्या तशी नदीत उतरतात.

भारतात बंगळूरमधील बेल्लंदूर तलाव, दिल्लीतील यमुना आणि २०१९ च्या अखेरीस चेन्नईचा मरीना किनारा ही फेसाची ठळक उदाहरणे आहेत. महाराष्ट्रात आळंदी येथे इंद्रायणी नदी फेसाळल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत वारंवार आल्या आहेत. तेथे वारकरी तीर्थ म्हणून स्नान करतात व पाणी प्राशनही करतात, त्यामुळे हा विषय आरोग्याचा आणि श्रद्धेचाही झाला. अशा बातम्यांतून *फेसाळणे* या क्रियापदाला नवी अर्थच्छटा मिळाली आहे. फेसाळलेला समुद्र हे वर्णन सौंदर्याचे असते. फेसाळलेली नदी हे आता तक्रारीचे शब्द झाले आहेत.

नैसर्गिक आणि प्रदूषणजन्य फेस ओळखण्याच्या काही ढोबळ खुणा आहेत. नैसर्गिक फेस मळकट पांढरा किंवा तपकिरी असतो, त्याला मातीचा किंवा माशांसारखा वास येतो आणि तो वाऱ्याने किनाऱ्यावर विस्तृत पसरतो. धुलाईद्रव्यांचा फेस बहुधा शुभ्र असतो, त्याला सुगंधी द्रव्यांचा वास असू शकतो आणि तो नाल्याच्या तोंडाजवळ अधिक असतो. या खुणा निर्णायक नाहीत. खात्रीसाठी प्रयोगशाळेत मेथिलीन ब्ल्यू या रंगद्रव्याच्या साहाय्याने ऋणभारित धुलाईद्रव्यांचे प्रमाण मोजतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ही द्रव्ये दर लिटरला ०.२ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह असून पर्यायी स्रोत नसल्यास १ मिलिग्रॅमपर्यंत चालतात.

धोके

बहुतेक वेळा समुद्रावरील फेस निरुपद्रवी असतो. तथापि दाट फेसाखाली खडक, खड्डे वा वाहत आलेल्या वस्तू दिसत नाहीत आणि फेसात तरंगता येत नाही, कारण त्यात पाण्याचा अंश फार कमी असतो. ११ मे २०२० रोजी नेदरलँड्समधील श्केव्हेनिंगन येथे पाच लाटारूढ खेळाडूंचा मृत्यू झाला. वादळी समुद्राबरोबरच *फिओसिस्टिस* या शैवालामुळे साचलेल्या अतिशय दाट फेसाने बचावकार्यात अडथळा आणला होता. सांडपाणी मिसळलेल्या फेसात रोगकारक जीवाणू असू शकतात. त्यामुळे नाल्यांच्या मुखाजवळच्या फेसात लहान मुलांना खेळू देणे टाळावे, असा सल्ला दिला जातो.

साम्यामुळे गोंधळ होणारे शब्द

* समुद्रफळ – *बॅरिंगटोनिया* प्रजातीचे झाड व त्याचे फळ. समुद्रफेनाशी संबंध नाही.
* समुद्रशोष – *आर्गिरिया* प्रजातीतील वेल, औषधी वनस्पती.
* सागरी श्लेष्म – शैवालांच्या अतिवाढीमुळे पाण्यावर साचणारा चिकट थर. २०२१ मध्ये तुर्कस्तानच्या मार्मारा समुद्रात तो मोठ्या प्रमाणावर आढळला. त्याचे तुर्की नाव *डेनिझ साल्यासी*, म्हणजे समुद्राची लाळ, हे संस्कृतातील *अब्धिकफ* या शब्दाची आठवण करून देणारे आहे. हा थर बुडबुड्यांचा नसल्याने त्यास फेस म्हणता येत नाही.
* सेपिया – माकुलाच्या शाईपासून केलेला तपकिरी रंग. प्राणी तोच असला, तरी हा रंग शाईच्या पिशवीतून मिळतो, समुद्रफेनातून नव्हे.

हे सुद्धा पहा

* माकुल
* ठाणे खाडी
* भरती व ओहोटी
* रिठा
* जलप्रदूषण